किआरोस्तामी यांचे सुरुवातीचे चित्रपट: मुलांबरोबर काम करू पाहणाऱ्यांसाठी

सेलू तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या तरुण शिक्षकाचा प्रश्न असा आहे: "शाळेतल्या मुलांना घेऊन पंधरा मिनिटांचा लघुपट करायचा आहे. ज्यांना विचारले त्या सर्वांनी अब्बास किआरोस्तामी यांचे नाव घेतले. म्हणून मी त्यांचा 'टेस्ट ऑफ चेरी' पाहायला घेतला, पण अर्ध्यावरच सोडला. त्यात काही घडतच नाही असे वाटले. या दिग्दर्शकाच्या शैलीत नेमके काय आहे, आणि ते शिकायचे असेल तर सुरुवात कोठून करावी?"

प्रश्न प्रांजळ आहे आणि त्याचे उत्तर देता येण्याजोगे आहे. 'टेस्ट ऑफ चेरी' 1997 चा आहे. त्याला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले, त्यामुळे बहुतेकांची या दिग्दर्शकाशी ओळख तेथूनच होते. परंतु तोपर्यंत किआरोस्तामी हे इराणी दिग्दर्शक सत्तावीस वर्षे चित्रपट करत होते आणि त्यातली पहिली वीस वर्षे जवळजवळ संपूर्णपणे मुलांबरोबर, मुलांविषयी आणि बऱ्याच अंशी मुलांसाठी काम करण्यात गेली होती. लांबलचक शॉट, तेच ते बोलणे, महत्त्वाची गोष्ट पडद्याबाहेर ठेवणे, शेवट अर्धवट सोडून देणे ही त्यांची म्हणून ओळखली जाणारी लक्षणे कोणत्याही तत्त्वज्ञानातून आलेली नाहीत. लहान मुलाची लहानशी अडचण तिच्या पूर्ण आकारात दाखवायची, तिला मोठ्यांच्या नजरेने छोटी करायची नाही, या एका निश्चयातून ती एकेक करून जन्माला आली. म्हणून तुम्ही 1970 पासून सुरुवात करावी. मी गेली अनेक वर्षे संकलनाचे काम करतो आणि मराठवाड्यातल्या शाळा-महाविद्यालयांतून लघुपटाच्या कार्यशाळा घेतो. या विषयावर मी जे सांगतो ते या चित्रपटांचे एकेक दृश्य पुन्हा पुन्हा थांबवून पाहिल्यावर हाती आलेले आहे.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. किआरोस्तामी 22 जून 1940 रोजी तेहरानमध्ये जन्मले. त्यांनी तेहरान विद्यापीठात चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी वाहतूक पोलीस खात्यात नोकरी केली. साठच्या दशकात त्यांनी दूरचित्रवाणीसाठी दीडशेच्या आसपास जाहिराती केल्या, चित्रपटांची श्रेयनामावली रेखाटली, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढली. इराणमध्ये 1965 मध्ये बालक व किशोरांच्या बौद्धिक विकासासाठी एक सरकारी संस्था सुरू झाली होती. मुलांची वाचनालये आणि पुस्तके हे तिचे मुख्य काम. त्या संस्थेत चित्रपट विभाग उभा करण्याची जबाबदारी किआरोस्तामी यांच्याकडे आली, आणि विभागाच्या पहिल्या काही कामांतलेच एक म्हणजे त्यांचा स्वतःचा पहिला लघुपट. या नोकरीने त्यांना दोन गोष्टी दिल्या: तिकीट खिडकीची चिंता करावी न लागणारा पगार आणि वरून ठरून येणारे विषय. दातांची निगा, रंगांची ओळख, शिस्त, वर्गातले वर्तन असे विषय त्यांच्या वाट्याला आले. आपल्याकडे स्वच्छतेवर, पाणलोटावर किंवा मतदानावर जसे प्रबोधनपट मागितले जातात, तसेच हे काम होते. सांगून दिलेल्या विषयातही कलावंताला स्वतःची वाट काढता येते याचा यापेक्षा चांगला पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

आता 'ब्रेड अँड अॅली' हा 1970 चा, दहा-अकरा मिनिटांचा, कृष्णधवल लघुपट पाहा. एक मुलगा भाकरीसारखी मोठी रोटी काखेत घेऊन, पायाने एक डबडे लाथाडत, गल्लीबोळांतून घरी निघाला आहे. मागे मजेदार संगीत चालू आहे. एका वळणावर कुत्रे भुंकत अंगावर येते आणि संगीत थांबते. मुलगा मागे पळतो, भिंतीला टेकून उभा राहतो. पुढे जाता येत नाही आणि घरी तर जायचे आहे. एवढीच अडचण. त्यानंतरचा बराच वेळ किआरोस्तामी आपल्याला काय दाखवतात, तर वाट पाहणे. माणसे येतात, जातात; कुणी आपल्या वाहनावरून निघून जाते, कुणाचेही त्या मुलाकडे लक्ष नाही. मग एक म्हातारे गृहस्थ हळूहळू चालत येतात आणि मुलगा त्यांच्या आडोशाने चालू लागतो. आपण सुटकेचा श्वास टाकतो, आणि नेमके कुत्र्याच्या गल्लीआधीच म्हातारबाबा दुसऱ्या बोळात वळतात. शेवटी मुलगा रोटीचा तुकडा मोडून कुत्र्यापुढे टाकतो. कुत्रे खाते, शेपूट हलवते आणि त्याच्या मागे मागे घरापर्यंत येते. दार उघडते, मुलगा आत जातो, दार बंद होते, कुत्रे दाराशी बसते. इतक्यात दुसरा एक मुलगा हातात भांडे घेऊन त्याच गल्लीत येतो आणि कुत्रे उठून त्याच्यावर भुंकते. लघुपट तेथे संपतो.

संकलक म्हणून मला यातली सर्वांत शिकण्यासारखी जागा दाराची वाटते. मुलगा कुत्र्यासह घरापाशी येतो, आत जातो आणि कुत्रे दारात अंग टाकते, हे सारे किआरोस्तामी यांना एकाच फ्रेममध्ये, मध्ये कट न घेता हवे होते. अनुभवी छायाचित्रकाराचे म्हणणे रूढ पद्धतीचे होते: मुलाचे आत जाणे वेगळे घ्यावे, दारावरचा हात जवळून घ्यावा, मग कुत्रे वेगळे घ्यावे; संकलनात सारे जुळेल. हे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते आणि किआरोस्तामी यांनीही पुढे ते एका अर्थाने मान्य केले. तरी ते हटले नाहीत. त्या एका शॉटसाठी चाळीस दिवस लागले, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. कट घेतला असता तर मुलाची आणि कुत्र्याची दोस्ती ही संकलकाने केलेली जोडणी ठरली असती. आपण ती मान्य केली असती, परंतु आपल्या डोळ्यांदेखत ती घडली नसती. एकाच चौकटीत मुलगा आणि जनावर दोघेही असले आणि दोघांनीही आपापला वेळ घेतला की प्रेक्षकाला साक्षीदाराचा अधिकार मिळतो. त्यांच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या कामाचे मूळ या दारात आहे असे मी मानतो.

शेवटच्या क्षणी येणारा दुसरा मुलगाही विसरू नका. संस्थेला बोधकथा हवी होती असे गृहीत धरले तर "भीतीवर प्रेमाने मात करावी" हा बोध तयार होता, आणि मुलगा घरात शिरला तेथेच तो पूर्ण झाला होता. पुढचे दहा सेकंद जोडून किआरोस्तामी सांगतात की अडचण सुटलेली नाही, ती पुढच्या मुलाकडे गेली आहे. आणि त्या मुलाकडे रोटी नाही, त्याला त्याचा उपाय स्वतः शोधावा लागेल.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे 1974 चा 'द ट्रॅव्हलर'. मधल्या 'ब्रेकटाइम' आणि 'द एक्सपीरियन्स' या चित्रपटांवर मी येथे थांबत नाही; ते अभ्यासासाठी नंतर पाहता येतील. 'द ट्रॅव्हलर'चा नायक कासेम हा मलायेर या लहान गावातला, शाळेत नापास होणारा, फुटबॉलने झपाटलेला मुलगा आहे. तेहरानमध्ये होणारा सामना पाहायला जायचे, एवढेच त्याचे ध्येय आहे. त्यासाठी तो घरातले पैसे चोरतो. आई शाळेत तक्रार घेऊन जाते आणि मुख्याध्यापक तिच्यासमोर त्याच्या हातावर छड्या मारतात. मग हाती आलेला एक जुना कॅमेरा तो विकायला निघतो. कुणी घेत नाही. तेव्हा तो त्या कॅमेऱ्यात फिल्म नसतानाच शाळेतल्या मुलांचे "फोटो" काढायला लागतो आणि प्रत्येकाकडून पैसे घेतो. शेवटी आपल्या चमूचा चेंडू आणि गोलचे खांबही विकून टाकतो. रात्रीच्या बसने तो तेहरानला पोहोचतो, तिकिटाच्या रांगेत त्याची पाळी येते तेव्हाच तिकिटे संपतात, जास्त पैसे मोजून तो काळ्या बाजारात तिकीट घेतो. सामन्याला अजून वेळ आहे म्हणून बाहेर भटकतो, हिरवळीवर जरा आडवा होतो, आणि त्याला झोप लागते. जाग येते तेव्हा सामना संपलेला असतो. रिकाम्या प्रेक्षागृहात तो एकटा धावत राहतो.

फोटोचे दृश्य मी प्रत्येक कार्यशाळेत दाखवतो. एकामागून एक मुले कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहतात. कुणी गंभीर चेहरा करतो, कुणाला हसू आवरत नाही, कुणी हातातली वस्तू छातीशी धरून ताठ उभा राहतो. कासेम त्यांना जरा इकडे, जरा तिकडे असे सरकवतो आणि बटण दाबतो. कथेच्या दृष्टीने ही फसवणूक आहे, आणि तरीही त्या प्रत्येक चेहऱ्याकडे किआरोस्तामी यांचा खरा कॅमेरा इतक्या मायेने पाहतो की ज्या मुलांचा फोटो कासेमने काढलाच नाही, त्यांचा फोटो चित्रपटाने काढून ठेवला आहे. अपराध आणि प्रेम एकाच चौकटीत, एकाच वेळी दाखवण्याची ही ताकद मला फार थोड्या दिग्दर्शकांत आढळली. शिवाय या दृश्यात कथा पुढे सरकत नाही असे वाटते, परंतु कासेमविषयीचे आपले मत याच ठिकाणी बदलते. "काही घडत नाही" असे ज्याला तुम्ही म्हणता, ते बहुधा अशा जागी असते.

सामना न दाखवण्याचा निर्णयही असाच विचारपूर्वक घेतलेला आहे. ज्या गोष्टीसाठी सारा चित्रपट धावतो ती गोष्ट प्रेक्षकालाही मिळत नाही. कासेमचे नुकसान आपलेही होते. पुढे किआरोस्तामी यांच्या चित्रपटांत महत्त्वाच्या व्यक्ती आणि घटना पडद्याबाहेर राहू लागल्या त्याची ही पहिली पक्की पायरी आहे. तुमच्या लघुपटात मुलाला बक्षीस मिळत असेल तर बक्षीस समारंभ दाखवायलाच हवा का, याचा एकदा विचार करा.

सत्तरच्या दशकात त्यांनी आणखी बरेच छोटे चित्रपट केले. त्यातला 1975 चा 'टू सोल्यूशन्स फॉर वन प्रॉब्लेम' जेमतेम पाच मिनिटांचा आहे आणि शिक्षकाने तो अवश्य पाहावा. मित्राने परत दिलेली वही फाटलेली निघते. पहिल्या उपायात सूडाची साखळी लागते, एकमेकांच्या वस्तू मोडतात, फाटतात, आणि शेवटी नुकसानीचा हिशेब मांडला जातो. दुसऱ्या उपायात मित्र डिंक आणून पान चिकटवतो. बोधपटाचा हा सर्वांत कोरडा साचा आहे, आणि तरीही पाहताना मजा येते, कारण दिग्दर्शक प्रत्येक वस्तू मोडण्याची कृती तितक्याच गंभीरपणे आणि सविस्तर दाखवतो. 1979 च्या 'फर्स्ट केस, सेकंड केस'मध्ये वर्गात खोडी काढणाऱ्याचे नाव सांगावे की वर्गाबाहेर उभे राहण्याची शिक्षा भोगावी, असा पेच आहे आणि त्यावर मोठ्या माणसांची मते घेतलेली आहेत. इस्लामी क्रांतीच्या त्या वर्षात इराणमध्ये सत्तेला साथीदाराचे "नाव सांगणे" या गोष्टीला काय अर्थ होता हे वेगळे सांगायला नको. तो चित्रपट बंदीत गेला.

'द कोरस' हा 1982 चा सतरा मिनिटांचा लघुपट मात्र ध्वनीच्या धड्यासाठी वेगळा पाहा. कानाला यंत्र लावणारे एक आजोबा रस्त्याने घरी येतात. घोडागाडीच्या खडखडाटाने त्रासून ते यंत्र काढतात आणि त्याच क्षणी पडद्यावरचा आवाजही बंद होतो. लावले की परत येतो. घरी आल्यावर बाहेर रस्ता खोदण्याचे यंत्र धडधडत असते, म्हणून ते पुन्हा यंत्र काढून ठेवतात. इतक्यात नात शाळेतून येते आणि घंटी वाजवते. आजोबांना ऐकू येत नाही. नात हाका मारते, मैत्रिणी जमतात आणि सगळ्या मिळून "आजोबा, दार उघडा" असा घोष करतात. आपण एकदा रस्त्यावर असतो, कल्लोळात. एकदा खोलीत असतो, संपूर्ण शांततेत. एकही खुलासा न देता, केवळ आवाज चालू-बंद करून, प्रेक्षकाला दोन माणसांच्या दोन जगांत आळीपाळीने बसवता येते हे येथे कळते. आपल्याकडच्या नवख्या लघुपटांत सर्वांत दुर्लक्षित भाग ध्वनीचा असतो: चित्र मोबाइलवर सुरेख निघते, पण आवाजाची उणीव झाकायला सबंध लघुपटभर बासरी किंवा सतार पसरली जाते. मुलाच्या कानाला त्या क्षणी काय ऐकू येत असेल, हा प्रश्न प्रत्येक दृश्याला विचारला तर बासरीची गरज उरत नाही.

या सर्व उमेदवारीचे फळ म्हणजे 1987 चा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?'. शीर्षक सोहराब सेपेहरी या इराणी कवीच्या ओळीवरून घेतलेले आहे. उत्तर इराणमधल्या कोकेर या खेड्यातला अहमद गृहपाठ करायला बसतो तेव्हा त्याच्या लक्षात येते की शेजारच्या बाकावरच्या मुलाची वही चुकून आपल्या दप्तरात आली आहे. उद्या त्याने वहीत गृहपाठ आणला नाही तर त्याला शाळेतून काढतील, असे गुरुजींनी बजावलेले आहे. मित्राचे गाव पोश्ते, टेकडीपलीकडे. घर माहीत नाही. वही पोहोचवायची, एवढेच कथानक.

आईबरोबरचे दृश्य बारकाईने पाहा. अहमद सांगतो की मित्राची वही आली आहे, द्यायला जातो. आई म्हणते, गृहपाठ कर. तो पुन्हा तेच सांगतो, आई पुन्हा तेच म्हणते, मध्येच बाळाला दूध दे, पाळणा हलव अशी कामे सांगते, मग म्हणते, अजून गृहपाठ केला नाहीस? पटकथा लिहिणारा कोणीही यातली निम्मी वाक्ये काटेल. किआरोस्तामी ती सर्व ठेवतात, कारण मुलाचा अनुभव वाक्याच्या अर्थात नसून त्याच्या पुनरावृत्तीत आहे. आई दुष्ट नाही, ती कामात आहे. तिने ऐकले आहे, पण तिच्यापर्यंत पोहोचलेले नाही. पुढे आजोबा अहमदला सिगारेट आणायला पाठवतात आणि तो गेल्यावर शेजाऱ्याला सांगतात की सिगारेट खिशात आहे, पण पोराला आज्ञा पाळायची सवय लागली पाहिजे. मग आपल्या लहानपणी वडील कसे नेमाने मारत, हे ते अभिमानाने सांगतात. एका पिढीने दुसऱ्या पिढीला काय दिले, ते कोणतेही भाष्य न करता दोन मिनिटांत उभे राहते.

आणि ती टेकडीवरची नागमोडी वाट. वर एकटे झाड, खाली सुकलेला उतार, त्यावर इंग्रजी झेडसारखी वळणे घेणारी पायवाट आणि तिच्यावरून धावणारा एक ठिपका. ही वाट तेथे नव्हती, चित्रपटासाठी पाडून घेतली होती. वास्तववादी म्हणून ज्यांचे कौतुक होते ते किआरोस्तामी हवे तेथे वास्तवाला आकार द्यायला मागेपुढे पाहत नसत, हे यावरून लक्षात घ्या. चित्रकलेचे शिक्षण येथे कामाला आले. मुलगा त्या वाटेने जातो, येतो, पुन्हा जातो, आणि दर वेळी शॉट पूर्ण ठेवलेला आहे. संकलनाच्या टेबलावर दुसऱ्या खेपेला तो अर्धा करण्याचा मोह कुणालाही होईल. परंतु अर्धा केला तर अंतर कमी होते, अंतर कमी झाले तर श्रम कमी होतात, आणि श्रम कमी झाले तर वहीची किंमत कमी होते.

या कोकेर परिसराविषयी थोडे विषयांतर करतो, कारण आपल्या भागातल्या माणसाला ते टाळता येणार नाही. 21 जून 1990 रोजी उत्तर इराणमध्ये प्रचंड भूकंप झाला आणि हजारो माणसे मेली. आपल्या चित्रपटातली मुले जिवंत आहेत का, हे पाहायला किआरोस्तामी गाडी घेऊन तिकडे गेले, आणि त्या प्रवासावर त्यांनी 1992 मध्ये 'लाइफ, अँड नथिंग मोअर' केला. त्यात ढिगाऱ्याच्या प्रदेशात विश्वचषकाचा फुटबॉल सामना दिसावा म्हणून एक माणूस अँटेना उभारताना दिसतो. त्याची जवळची माणसे नुकतीच गेलेली आहेत. भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी लग्न केलेला एक तरुण भेटतो. त्यानंतर वर्षभराने, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-धाराशिवच्या प्रेक्षकांत हा चित्रपट दाखवला की अँटेनाच्या दृश्यावर जी कुजबुज होते ती मी दुसरीकडे कोठे ऐकलेली नाही. औसा, लोहारा, उमरगा भागात ज्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा चूल मांडली, त्यांना त्या दृश्याचा अर्थ सांगावा लागत नाही. आपत्तीतही माणसाचे छोटे हट्ट छोटे न मानणारी ही नजर मुलांच्या चित्रपटांतूनच तयार झाली होती, म्हणून तो येथे सांगितला.

किआरोस्तामी मुलांकडून काम कसे करून घेत, हा तुमच्यासाठी सर्वांत उपयोगाचा भाग आहे. ते व्यावसायिक नट टाळत, संवाद पाठ करून घेत नसत, आणि अनेकदा कॅमेऱ्याशेजारी स्वतः बसून मुलाशी बोलत. मूल त्यांना उत्तर देई आणि संकलनात त्यांच्या जागी दुसरे पात्र येई. याचा आपल्याकडे तंतोतंत उपयोग होतो. आपली मुले स्नेहसंमेलनात आणि एकांकिकांत तयार झालेली असतात. कॅमेरा दिसला की आवाज चढतो, हात हलू लागतात आणि बोलीतले मूल एकदम पाठ्यपुस्तकात शिरते. घरी "शाळंला चाललो" म्हणणारा मुलगा "मी शाळेत जात आहे" असे म्हणतो आणि त्याच्या चेहऱ्यावरचे सगळे संपते. यावर उपाय एकच: त्याला वाक्य देऊ नका, प्रश्न द्या. वही हरवली आहे असे दाखवायचे असेल तर "वही हरवली असे म्हण" याऐवजी "कालची वही कुठे आहे रे?" असे विचारा, आणि तो आठवत असताना कॅमेरा चालू ठेवा. उत्तर येण्याआधीचे तीन-चार सेकंद हेच तुमचे दृश्य असते. किआरोस्तामी यांच्या काळात त्या सेकंदांसाठी फिल्म खर्ची पडत होती. तुमच्या मोबाइलवर ते फुकट आहेत.

परंतु या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती मला स्पष्ट सांगितली पाहिजे. 1989 च्या 'होमवर्क' या माहितीपटात किआरोस्तामी शाळेतल्या मुलांना गृहपाठाविषयी प्रश्न विचारतात. ते काळा चष्मा लावून टेबलामागे बसलेले आहेत आणि मध्ये मध्ये कॅमेरामनही दिसतो. शाबासकी म्हणजे काय हे बऱ्याच मुलांना सांगता येत नाही, शिक्षा म्हणजे काय हे मात्र सगळी सांगतात. हा शोध थोर आहे. पण माजिद नावाचा एक मुलगा इतका घाबरतो की मित्र जवळ उभा असल्याशिवाय त्याला बोलताच येत नाही, तो रडतो, गयावया करतो, आणि चित्रीकरण चालू राहते. शेवटी मित्राला त्याच्यामागे उभे केल्यावर तो एक प्रार्थनागीत म्हणतो आणि चित्रपट अविस्मरणीय होऊन संपतो. मी या दिग्दर्शकाचा निस्सीम चाहता आहे, तरीही ते मूल रडू लागले तेव्हा कॅमेरा थांबायला हवा होता असे माझे मत आहे. तुम्ही त्या मुलांचे गुरुजी आहात. तुमच्यासमोर मूल "नाही" म्हणू शकत नाही. म्हणून पालकांची परवानगी आधी घ्या, मुलाला कधीही उठून जाता येईल असे त्याला सांगा, आणि रडवण्यासाठी कोणतीही युक्ती करू नका.

विषयाबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही, पण सेलू-परभणी भागातून येणाऱ्या लघुपटांचे विषय मला ठाऊक आहेत: दुष्काळ, शेतकरी आत्महत्या, ऊसतोड कामगारांची मुले. हे विषय खरे आहेत आणि त्यांच्यावर काम झालेच पाहिजे. मात्र पंधरा मिनिटांत "दुष्काळ" मावत नाही. मानव विकास योजनेची, मुलींना शाळेत नेणारी बस चुकलेली सातवीतली मुलगी मावते. टँकरच्या रांगेत लावलेला हंडा राखायचा की परीक्षेला जायचे, हा पेच मावतो. आई-वडील कारखान्यावर गेलेले असताना हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला फोन करायचा आहे आणि फोन गुरुजींकडे आहे, एवढ्यावर लघुपट उभा राहतो. अडचण नेमकी असेल, मुलाला ती आजच सोडवायची असेल आणि वाटेत भेटणारी प्रत्येक मोठी व्यक्ती भली असूनही ऐकत नसेल, तर दुष्काळ आपोआप मागच्या भिंतीवर, रिकाम्या रांजणात, गावातल्या बंद घरांत दिसेल. त्याच्याकडे बोट दाखवावे लागणार नाही.

पाहण्याचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा 'ब्रेड अँड अॅली', शक्यतो लागोपाठ दोनदा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. मग 'टू सोल्यूशन्स' आणि 'द कोरस'. ही तिन्ही मिळून पाऊण तासाच्या आत होतात आणि शाळेत मुलांनाही दाखवता येतात; मुले त्यांवर काय बोलतात ते लिहून ठेवा. त्यानंतर 'द ट्रॅव्हलर' आणि 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?' वेगवेगळ्या दिवशी पाहा. 'होमवर्क' एकट्याने पाहा. 'क्लोज-अप' हा 1990 चा चित्रपट, एका प्रसिद्ध दिग्दर्शकाचे नाव घेऊन एका कुटुंबात वावरलेल्या गरीब माणसाच्या खटल्यावरचा, माझ्या मते त्यांचा सर्वश्रेष्ठ आहे, पण तो तुमचा लघुपट पूर्ण होईपर्यंत बाजूला ठेवा; त्याच्या रचनेचा मोह पडतो आणि पहिल्या कामात तो पेलत नाही. 'टेस्ट ऑफ चेरी'कडे त्यानंतर परत या. गाडी त्याच रस्त्यांवरून पुन्हा पुन्हा का फिरते हे तेव्हा तुम्हाला विचारावे लागणार नाही.

राहिला संकलनाचा प्रश्न. चित्रीकरण झाल्यावर लगेच कापायला बसू नका. निवडलेले सर्व टेक (म्हणजे चित्रित केलेले तुकडे) अखंड, क्रमाने लावा आणि शाळेतल्या दोन-तीन मुलांना शेजारी बसवून पाहा. जेथे मुले चुळबुळ करतात तेथे कापा. जेथे तुम्हाला कंटाळा येतो पण मुले टक लावून पाहत असतात, तेथे कापू नका.